मासा कुठून पाहायचा?

लहान मुलाला मासा काढ म्हटलं तर ते सहसा अडत नाही. एक आडवा लंबगोल, त्याच्या मागे त्रिकोण, पुढे डोळ्याचा ठिपका, शेजारी दोन-तीन बुडबुडे, की झाला मासा. घोडा म्हटलं की हात थबकतो, माणूस म्हटलं की त्याचे हात पाठीमागे लपवले जातात, मासा मात्र सगळ्यांना येतो. चित्रकलेच्या पहिल्या धड्यात मासा असतो तो या सोपेपणामुळे, आणि याच सोपेपणामुळे तो पहिल्या धड्यातच अडकून पडतो. बालवाडीतल्या मुलाचा मासा आणि दहावीतल्या मुलाचा मासा शेजारी ठेवले, तर पुष्कळदा रंग भरण्याची सफाई तेवढी वाढलेली दिसते. लंबगोल तोच, त्रिकोण तोच.

हे पुस्तक त्या लंबगोलापासूनच सुरू होतं आणि काचेच्या टाकीत पोहणाऱ्या, एकमेकांपासून वेगळे ओळखू येणाऱ्या रंगीत माशांपर्यंत पायरीपायरीने जातं. गोल्डफिश, गप्पी, निऑन टेट्रा, एंजल, फायटर आणि पश्चिम घाटातला ‘मिस केरला’ असे सहा मासे त्यासाठी घेतले आहेत. कागद-पेन्सिल हातात घेण्याआधी या विषयाचा पसारा एकदा पाहून घ्यावा असं मला वाटतं. मासा काढण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि चित्र ‘पायऱ्यांनी’ शिकवावं की नाही यावर शंभराहून अधिक वर्षं भांडणं झालेली आहेत. आपण काय करतो आहोत आणि का, हे शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेलं बरं.

माशाच्या चित्रांचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. चित्र कसं होणार हे चित्रकाराने मासा कुठून पाहिला यावर ठरत आलं आहे.

चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे ९६० ते १२७९ या दरम्यान, सोनेरी मासा हौसेने पाळला जाऊ लागला. तो राहायचा तळ्यात, नंतर मोठ्या कुंड्यांमध्ये. काचेची टाकी नव्हती, त्यामुळे पाहणारा नेहमी वरून पाहायचा. पिढ्यानुपिढ्या निवड झाली तीही वरून काय दिसतं ते बघून: रुंद पाठ, दोन्हीकडे फाकलेली दुहेरी शेपटी. जपानमधला रांचू जातीचा गोल्डफिश जाणकार आजही वरूनच पारखतात. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर होऊन गेलेला ल्यू त्साय हा माशांचा चित्रकार म्हणूनच प्रसिद्ध होता. गळून पडलेल्या पाकळ्यांमधून पोहणाऱ्या माशांचं, त्याच्या नावावर असलेलं एक लांब गुंडाळीचित्र अमेरिकेतल्या सेंट लुई इथल्या संग्रहालयात आहे. त्यात पाणी रंगवलेलं नाही. माशांची वळणं आणि तरंगणाऱ्या पाकळ्या पाहून पाणी आपोआप कळतं. पाणी काढायचं म्हणजे निळा रंग फासायचा, अशी सवय लागलेल्या आपल्या मुलांना हे चित्र दाखवायलाच हवं.

जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात हिरोशिगेने माशांची एक देखणी छापचित्रमाला केली, तर कुनियोशीने गोल्डफिशना माणसांची कामं लावून दिली. त्याच शतकात तिथले कोळी आणि हौशी गळवाले पकडलेल्या माशाला शाई लावून त्यावर कागद दाबत आणि माशाचा ठसा घेत. याला ‘ग्योताकू’ म्हणतात. खवल्यांची रांग आणि परांच्या काड्या त्या ठशात इतक्या स्वच्छ उमटतात की रेखाटनाच्या वर्गात एकदा तरी हा प्रयोग व्हावा.

युरोपात मासा टेबलावर आला, आणि तो मेलेला होता. निसर्गविज्ञानाच्या पुस्तकांसाठी मासे एका कुशीवर आडवे ठेवून, पर पसरवून काढले जात. आजही ‘मासा’ म्हटलं की डोळ्यांपुढे जी बाजूची आकृती येते तिचं मूळ मोठ्या प्रमाणात तिथे आहे. या पद्धतीत माप अचूक मिळतं, रंग मात्र हातचा निसटतो. मासा मरताच त्याचे रंग उतरू लागतात आणि मद्यार्कात ठेवल्यावर उरलेलेही जातात. ती रिकामी जागा चित्रकार कधी आठवणीने भरत, कधी कल्पनेने. १७१९ च्या सुमारास लुई रेनार याने ॲम्स्टरडॅममध्ये इंडोनेशियाच्या समुद्रातल्या माशांचं एक पुस्तक काढलं. माशांवरचं रंगीत चित्रांचं ते पहिलंवहिलं पुस्तक मानलं जातं. त्यातले काही मासे इतके भडक आणि चमत्कारिक आहेत की पुढच्या अभ्यासकांनी ते थापा समजून बाजूला ठेवले, आणि नंतर लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याच चित्रांमागे खरे मासे आहेत. बर्लिनचा डॉक्टर मार्कुस ब्लॉख याने १७८२ ते १७९५ या काळात हाताने रंगवलेली ४३२ चित्रपटलं छापली. त्यासाठी त्याच्याकडे तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहूनही मासे पाठवले गेले होते.

आपल्याकडची गोष्ट इथेच सुरू होते, आणि ती फारशी सांगितली जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना मासे गोळा करायचे असत, चित्रं मात्र स्थानिक चित्रकार काढत. पॅट्रिक रसेलच्या विशाखापट्टणमच्या दोनशे माशांच्या ग्रंथातली (१८०३) चित्रं भारतीय हाताची आहेत, पण त्या चित्रकाराचं नाव पुस्तकाने जपलं नाही. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टनसाठी काम करणाऱ्या हलुदार या बंगाली चित्रकाराचं नाव सुदैवाने टिकलं. गंगेच्या माशांवरचा हॅमिल्टनचा ग्रंथ १८२२ साली एडिंबरोहून निघाला. भारत सोडताना आपण करवून घेतलेली चित्रं बरोबर नेण्याची परवानगी त्याला मिळाली नव्हती, ती कलकत्त्यातच राहिली. या ग्रंथात आजच्या फिश टँकमधले काही अगदी ओळखीचे मासे पहिल्यांदा शास्त्रीय नाव घेऊन येतात: निळ्या पट्ट्यांचा झेब्रा, बुटका गुरामी, आणि ज्याच्या अंगातून आरपार काटा दिसतो तो काचमासा. हे मासे बंगाल-बिहारच्या ओहोळांतले आणि भातखाचरांतले. शोभेचा मासा म्हणजे परदेशातून आलेलं काहीतरी, हा समज त्यामुळे खरा नाही.

दख्खनच्या नद्यांकडे कर्नल साइक्सने लक्ष दिलं. भीमा आणि मुळा-मुठेच्या परिसरातल्या माशांवरचा त्याचा निबंध १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. त्यात इथल्या मच्छीमारांच्या तोंडची नावं त्याने तशीच शास्त्रीय नावांत घेतली, आणि ‘खुद्री’, ‘कोलुस’ ही नावं जगभरचे अभ्यासक आजही वापरतात. पुढे फ्रान्सिस डे याचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यातल्या चित्रपटलांचा आधार माशांचे अभ्यासक अजूनही घेतात.

मग काच आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने घरोघर टाकी ठेवण्याचं वेड पसरवलं. चित्रकाराच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. जिवंत मासा, त्याच्या खऱ्या रंगांत, डोळ्यांच्या पातळीवर, वळताना आणि थांबताना दिसू लागला. शिवाय काच आणि पाणी मिळून डोळ्यांशी जे खेळ करतात तेही दिसले: गोल भांड्यात मासा फुगतो, चौकोनी टाकीच्या कोपऱ्याशी आला की एकाचे दोन होतात, आणि खालून पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन त्यात उलटा मासा दिसतो. आंरी मातीसच्या १९१२ च्या गोल्डफिशच्या चित्रात हे सगळं फार साध्या रीतीने आलं आहे. भांड्याच्या बाजूने दिसणारे मासे नीट आकाराचे आहेत, पाण्याच्या वरच्या थाळीत दिसणारे तेच मासे केशरी फटकारे झाले आहेत. पॉल क्लेने १९२५ मध्ये गडद निळ्या-काळ्या पाण्यात एकच झगझगीत सोनेरी मासा ठेवला आणि बाकीचे छोटे मासे कडांकडे पळवले. मुंबईकरांसाठी ही काच १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर आली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं, आणि महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा जिवंत माशाच्या डोळ्यात डोळा घालून पाहिलं ते तिथे.

वरून पाहिलेला, टेबलावर ठेवलेला आणि काचेतून दिसलेला, या तिन्हींच्या बाहेर आणखी एक मासा आहे. तो कुठूनच पाहिलेला नाही, तो मनातून आलेला आहे. मिथिलेत नवरा-नवरीच्या कोहबर खोलीच्या भिंतीवर मासे येतात ते वंशवृद्धीचं आणि शुभाचं चिन्ह म्हणून. तिथे अंगभर ठोस रंग लावण्याची ‘भरणी’ आणि बारीक रेघांनी अंग विणण्याची ‘कचनी’ अशा दोन शैली आहेत. बंगालच्या मेदिनीपूरमधले पटुआ चित्रकार गुंडाळी उलगडत, गात गात माशांच्या लग्नाची गोष्ट सांगतात. वारली चित्रांत जिव्या सोमा म्हसे यांनी मासेमारीचं जाळं इतकं बारीक आणि भव्य काढलं की मासा ठिपक्याएवढा असूनही अख्ख्या चित्राचं कारण तोच असतो. या परंपरांमध्ये खवले मोजलेले नसतात आणि परांची जागाही चुकलेली असू शकते, तरीही ते मासे जिवंत वाटतात, कारण त्यांच्या रेषेला लय आहे. मुलांना निरीक्षण शिकवताना ही लय मोडता कामा नये, हे शिकवणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावं.

आता शिकवण्याच्या वादाकडे येऊ.

नमुना पाहून तसाच काढायचा, हा चित्रकला शिकण्याचा सर्वांत जुना मार्ग. चीनमध्ये १६७९ मध्ये निघालेल्या ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या नावाच्या चित्रपाठाने झाड, दगड, डोंगर असे सुटे करून फटकाऱ्यागणिक शिकवले. जपानमध्ये होकुसाईने १८१२ मध्ये एक छोटं पुस्तक केलं. त्यात वर्तुळं आणि सरळ रेषा यांच्या आधाराने प्राणी आणि माणसं कशी उभी करायची ते दाखवलं आहे. आजच्या ‘आधी गोल काढा, मग अंडाकृती काढा’ या पद्धतीचा एवढा आनंदी पूर्वज दुसरा नसेल. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिस्त तिथे आली आणि तिथून शाळाशाळांत पोचली: आधी सपाट नमुन्यावरून रेषा, मग वस्तू. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमधली वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र ही विभागणी या शिस्तीच्याच कुळातली. या शिस्तीने महाराष्ट्रात चित्रकलेचा शिक्षक गावोगावच्या शाळेत नेऊन बसवला. तिला नावं ठेवण्याआधी तिचं हे ऋण मान्य करायला हवं.

तिच्याविरुद्ध बंड झालं ते व्हिएन्नात. १८९७ मध्ये फ्रान्झ चिझेक याने मुलांचा वर्ग सुरू केला आणि मुलांची चित्रं ही मोठ्यांच्या चित्रांची कच्ची आवृत्ती नसून त्यांना स्वतःचं मोल आहे, असं ठामपणे मांडलं. व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ च्या आपल्या ग्रंथात याच्याही पुढे जाऊन तयार आकृतीत रंग भरण्याच्या पुस्तकांवर कडक टीका केली: छापील पक्षी रंगवलेलं मूल नंतर स्वतःचा पक्षी काढायला कचरतं. आपल्याकडे शांतिनिकेतन आणि सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेल्या देवीप्रसादांनी कला हाच शिक्षणाचा पाया, असा आग्रह धरला. दुसऱ्या बाजूला पायऱ्यांची पुस्तकं लोकप्रिय होतच राहिली. अमेरिकेत ई. जी. लुट्झचं पुस्तक १९१३ मध्ये आलं, आणि १९७० मध्ये एड एम्बर्लीने मोजक्या आकारांतून प्राण्यांचं सगळं जग उभं केलं. पुढे ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अभ्यासकांनी दाखवलं की मुलं चित्रभाषा एकमेकांकडून आणि छापील चित्रांतून उचलतच असतात, आणि त्यात वाईट काही नाही. बोलायला शिकतानाही आपण नक्कलच करतो.

माझं मत या दोघांच्या मध्ये कुठेतरी नाही, ते एका बाजूला स्पष्ट झुकलेलं आहे. पायऱ्या हव्यात. चित्र येत नाही म्हणून पेन्सिल कायमची खाली ठेवणारी मुलं मी वर्गात नेहमी पाहते. ‘मनाला येईल ते काढ’ हे वाक्य अशा मुलाला मोकळं करत नाही, एकटं पाडतं. मात्र पायरी म्हणजे काय, हे नीट ठरवायला हवं. बहुतेक पुस्तकांत पायरी ही हाताला दिलेली आज्ञा असते: इथे गोल, तिथे त्रिकोण. सातव्या चौकटीत मासा तयार होतो, आणि मुलाला तो एकच मासा येतो, एकाच दिशेला तोंड केलेला. या पुस्तकात पायरी हा डोळ्याचा क्रम आहे. आधी काय पाहायचं, मग काय पाहायचं, कुठली गोष्ट अगदी शेवटपर्यंत पाहायचीच नाही. हा क्रम अंगवळणी पडला की मासा बदलला, दिशा बदलली, तरी काम चालतं.

फायटरचंच घ्या. मुलं फायटर काढतात तेव्हा मोठं अंग आणि त्याभोवती झालर असा प्रकार होतो. खऱ्या फायटरचं अंग बोटाच्या दोन पेरांएवढं आणि पर त्याहून कितीतरी मोठे. म्हणून पहिली पायरी अंगाचीही नाही, ती नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जाणाऱ्या एका वाकलेल्या रेघेची आहे. मासा कुठे वळतो आहे ते या रेघेने ठरतं. मग तिच्याभोवती अंग. मग कल्ल्याच्या झाकणाची कमान, म्हणजे डोकं कुठे संपलं ते कळतं. त्यानंतर परांचा आकार नाही काढायचा, पर अंगाला कुठे जोडला आहे तेवढी जागा पाहायची. फायटरचा पाठीवरचा पर बराच मागे, पाठीच्या मध्याच्या पलीकडे सुरू होतो. खालचा मोठा पर उलट पुढूनच सुरू होतो आणि शेपटीच्या मुळापर्यंत जवळजवळ सगळी खालची कड अडवतो. छातीजवळ सतत फडफडणारे दोन पारदर्शक पर असतात, आणि पोटाखाली दोन लांब पट्ट्या लोंबतात. जागा पक्क्या झाल्या की मुळापासून बाहेर फाकणाऱ्या परांच्या काड्या येतात, आणि कडेची नागमोडी रेघ सगळ्यात शेवटी. मुलं नेमकी ती रेघ आधी काढतात, म्हणून त्यांचा पर अंगावर चिकटवल्यासारखा दिसतो. तोंडाची ठेवणही पाहण्यासारखी आहे: फायटरचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पृष्ठभागावरचे किडे टिपतो. हवाही तो वर येऊनच घेतो, डोक्यात असलेल्या एका खास इंद्रियाच्या मदतीने. तोंडाची रेघ सरळ पुढे काढली की हा फायटर राहत नाही, कुठलाही मासा होतो.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुस्तकाच्या नावातच ‘रंगीत’ आहे. निऑन टेट्राच्या अंगावरचा निळा पट्टा हा रंगद्रव्याचा नाही. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या अतिशय पातळ स्फटिकांचे थर असतात, त्यांवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा-हिरवा दिसतो. म्हणून मासा वळला की पट्टा बदलतो, रात्री तो फिकट पडतो. लाल पट्टा मात्र खऱ्या रंगद्रव्याचा. कागदावर हे कसं आणायचं? निळी पेस्टल जोरात घासून पट्टा चमकत नाही. पट्ट्याच्या मधोमध कोऱ्या कागदाची एक बारीक रेघ सोडावी, तिच्या दोन्ही अंगांना फिका निळा, त्याच्या बाहेर गडद निळा, आणि मागचं पाणी मंद, जवळजवळ तपकिरी ठेवावं. ॲमेझॉनच्या ज्या ओढ्यांतून हा मासा येतो तिथलं पाणीही पुष्कळदा चहाच्या रंगाचं असतं. चमक आजूबाजूच्या अंधारातून येते, हे मुलांना एकदा करून पाहिल्यावर पटतं.

छायाप्रकाशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. वस्तुचित्रात आपण शिकवतो की प्रकाश वरून येतो, म्हणून वर उजेड आणि खाली सावली. मासा याच्या बरोबर उलट रंगलेला असतो: पाठ गडद, पोट पांढुरकं. वरून येणारा उजेड पाठीला उजळ करतो, पोट सावलीत जातं, आणि दोन्ही मिळून मासा सपाट होऊन पाण्यात विरतो. हे तत्त्व १८९६ मध्ये ॲबट थेअर याने नीट मांडलं, आणि तो पेशाने चित्रकार होता. चेंडूला देतो तशी गडद सावली माशाच्या पोटाला दिली की मासा लाकडी खेळण्यासारखा होतो. पोटाला अगदी हलका करडा किंवा फिका जांभळा पुरतो.

खवल्यांसाठी एकच सूचना. ते कौलांसारखे एकावर एक, डोक्याकडून शेपटीकडे सरकत बसवलेले असतात, आणि सगळे काढायचे नसतात. अंग जिथे वळतं तिथे, उजेड आणि सावलीच्या सीमेवर, दोन-तीन रांगा काढल्या की उरलेले पाहणाऱ्याचा डोळा स्वतः भरून घेतो.

हे सगळं आत्ताच का? मोबाइलवर तीन मिनिटांत मासा काढून दाखवणारे व्हिडिओ आहेत, आणि शब्द टाइप केले तर आयता रंगीत मासा काढून देणारी यंत्रंही आता हाताशी आहेत. मुलांना माशांची चित्रं इतकी दिसतात की मासा पाहायची गरज त्यांना वाटत नाही. शिवाय शोभेच्या माशांच्या बाजारात गेल्या काही दशकांत जे चाललं आहे ते मला फार अस्वस्थ करतं. वर सांगितलेला काचमासा, हलुदारच्या काळी शास्त्राने नोंदलेला, आज अनेक ठिकाणी अंगात सुईने रंग टोचून गुलाबी, हिरवा, जांभळा करून विकला जातो. त्या रंगाने मासे आजारी पडतात आणि रंग काही महिन्यांत उतरतोही. त्याच ग्रंथातला झेब्रा जनुक बदलून विशिष्ट प्रकाशात झगमगणारा केला गेला आणि २००३ च्या अखेरपासून अमेरिकेत विकला जाऊ लागला. मिस केरला हा केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांतला मासा, फ्रान्सिस डेने १८६५ मध्ये नोंदलेला. त्याला आता सह्याद्रीचंच नाव असलेल्या प्रजातीत ठेवलं आहे, आणि टाकीसाठी बेसुमार पकडल्यामुळे तो धोक्यात आला आहे. ज्या मुलाने एखाद्या माशाचा खरा रंग तासभर पाहून कागदावर आणला आहे, ते दुकानातला टोचलेला मासा चटकन ओळखतं. रंग चढवायचा असेल तर त्यासाठी कागद आहे.

या पुस्तकाची रचना या विचारातून झाली आहे. प्रत्येक माशाच्या शेवटी एक पान असं आहे जिथे तोच मासा समोरून, वरून किंवा वळताना दिसतो आणि तिथे एकही पायरी छापलेली नाही. चिनी कुंडीत वरून पाहिलेला, ब्लॉखने आडवा ठेवलेला आणि मातीसने काचेतून पाहिलेला मासा एकच असतो, फक्त पाहणाऱ्याची जागा बदलते, हे त्या पानांवर हाताने समजून घ्यायचं आहे. तिथे क्रम मुलाने स्वतः लावायचा. रंग भरण्यासाठी तयार बाह्यरेषा पुस्तकात कुठेही दिलेली नाही, आणि शिक्षकांनीही ती झेरॉक्स काढून वाटू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेच्या तयारीसाठी हे पुस्तक वापरणाऱ्यांना संकल्पचित्रात माशाचा आकार अलंकारिक कसा करायचा याची काही उदाहरणं मिळतील, पण ती शेवटाकडे आहेत. आधी खरा मासा, मग त्याची नक्षी.

साहित्य साधंच लागेल: एचबी आणि २बी पेन्सिल, मऊ खोडरबर, ऑईल पेस्टल, जलरंगांची छोटी पेटी आणि जरा जाड कार्ट्रिज कागद. पेस्टलने मासा रंगवून वरून पातळ जलरंगाचा हात फिरवला तर मासा तेलकट असल्यामुळे रंग त्याच्यावरून ओघळतो आणि पाणी फक्त पाण्याच्या जागी बसतं. रंग लावताना फिक्याकडून गडदाकडे जायचं, पिवळा आधी, लाल नंतर, निळा त्याहून नंतर, आणि काळा शक्यतो नाहीच. गडद निळा आणि तपकिरी मिळून जो अंधार होतो त्यात पाणी शिल्लक राहतं, काळ्यात ते बुजतं.

घरी टाकी हवीच असं नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांसमोर अर्धा तास उभं राहून पुष्कळ पाहता येतं, इतर शहरांतही अशी दुकानं असतात. तेही शक्य नसेल तर बाजारातून आलेली मासळी साफ करण्याआधी ताटात आडवी ठेवून मुलाला पाहू द्यावी. पुस्तकातला पहिला सराव त्यावरच आहे. बांगडा असेल तर पाठीचा पर संपल्यावर शेपटीपर्यंत आणि खालच्या कडेलाही छोट्या परांची रांग दिसेल, ती मोजावी. पापलेट असेल तर पोटाखालचे दोन पर शोधावेत. ते सापडणार नाहीत, कारण वाढलेल्या पापलेटला ते नसतातच. आपल्या घरात इतक्या वेळा आलेल्या माशाला पोटाचे पर नाहीत हे किती जणांनी पाहिलेलं असतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, आणि मग पेन्सिल हातात घ्या.